राव, रेड्डी, नायडू: तेलुगू माणसाचं घराणं नावात कुठे शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका मुलीचं लग्न गुंटूरकडच्या मुलाशी ठरलं आहे. मुलाच्या पासपोर्टवर आडनावाच्या जागी ‘राव’ आहे. वडिलांच्या नावाशेवटी ‘चौदरी’ येतं. धाकट्या भावाच्या नावात यातलं काहीच नाही, फक्त गावाच्या नावासारखा एक शब्द आहे. आजोबांचं नाव तर नुसतं ‘-अय्या’वर संपतं. एका घरात चार आडनावं कशी, ही माणसं काही लपवत तर नाहीत ना, अशी शंका मुलीच्या आईला आली आहे. मुलीला मात्र एवढंच हवं आहे: राव ही पदवी आहे की आडनाव, आणि लग्नानंतर मी काय लावू?

मी सोलापुरात तेलुगू कागदपत्रांची भाषांतरं करते. जन्मदाखले, दहावीची प्रमाणपत्रं, लग्नाचे दाखले, वारसाची कागदपत्रं असं सगळं माझ्याकडे येतं. आमच्या स्वतःच्या घरातही तेलुगूच बोलली जाते. त्यामुळे आईंना आधी ठामपणे सांगते, की इथे कोणी काही लपवलेलं नाही. त्या घरात चार आडनावं नाहीत, एकच आहे. धाकट्या भावाच्या नावातला जो शब्द तुम्हाला गावाच्या नावासारखा वाटला, तेच त्यांचं घराणं. राव, चौदरी आणि अय्या हे मानाचे शब्द आहेत. ते पिढीगणिक बदलतात, कधी गळून पडतात, आणि तेलुगू माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मराठी नाव वाचताना आपली नजर शेवटच्या शब्दाकडे जाते, कारण आपलं घराणं तिथे असतं. तेलुगू नावात घराणं सुरुवातीला असतं. त्याला इंटिपेरु म्हणतात, म्हणजे घराचं नाव. मग व्यक्तीचं नाव, आणि त्याला जोडून आलाच तर मानाचा शब्द. आपले माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव घ्या. पूर्ण नाव पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. यात पामुलपर्ती हे इंटिपेरु, वेंकट नरसिंह हे त्यांचं नाव, आणि राव हा मान. १९८४ आणि १९८९ मध्ये ते विदर्भातल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले, पुण्यात शिकले, मराठी उत्तम बोलत. तरीही महाराष्ट्रात फार थोड्यांना त्यांचं आडनाव सांगता येईल. बहुतेक जण ‘राव’ म्हणतील. आपणच मात्र विलासराव, शंकरराव, यशवंतराव म्हणताना ‘राव’ला आडनाव समजत नाही. तोच शब्द नावापासून सुटा लिहिला की आपण फसतो.

इंटिपेरु बहुधा गावावरून आलेलं असतं: सर्वेपल्ली राधाकृष्णन यांच्या नावातलं सर्वेपल्ली, टंगुटूरी प्रकाशम यांच्यातलं टंगुटूर. सर विश्वेश्वरय्यांच्या नावातलं ‘एम.’ म्हणजे मोक्षगुंडम, आणि तेही आंध्रातलं गाव. त्यांचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूर राज्यात राहिलं, ते स्वतः पुण्यात इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्यात नोकरीला लागले, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले, पण सोडलेल्या गावाचं नाव घराण्याबरोबर राहिलं. बॅडमिंटनपटू सिंधूचं पुसर्ला, क्रिकेटपटू लक्ष्मणचं वंगिपुरपु हीही घराण्यांची नावं. कधी ती हुद्द्यावरून येतात. ऑलिम्पिकचं पदक जिंकणाऱ्या करणम मल्लेश्वरींच्या नावातलं ‘करणम’ म्हणजे गावचा हिशेब आणि जमिनीचं दप्तर सांभाळणारा, आपला कुलकर्णी. आणि कधी इंटिपेरु पाहून आपण साफ चकतो. तेलुगूतले पहिले ज्ञानपीठविजेते विश्वनाथ सत्यनारायण यांच्या नावात ‘विश्वनाथ’ हे घराणं आहे आणि ‘सत्यनारायण’ हे नाव. मराठी वाचक हमखास उलटं समजतो.

आता तुमच्या सासरसारखंच एक घर दाखवते. सगळ्यांना माहीत असलेलं आहे, त्यामुळे पडताळून बघता येईल. नंदमूरी तारक रामाराव, म्हणजे एन. टी. रामाराव. इंटिपेरु नंदमूरी, मानाचा शब्द राव. त्यांचे चिरंजीव नंदमूरी बालकृष्ण. राव नाही, चौदरी नाही, काहीच नाही. जावई नारा चंद्राबाबू नायडू. इंटिपेरु नारा, मानाचा शब्द नायडू. चंद्राबाबूंचा मुलगा नारा लोकेश. नायडू गळलं, नारा राहिलं. सासरे आणि जावई दोघेही कम्मा समाजाचे. पण सासरे कृष्णा जिल्ह्यातले, तिकडे या समाजात राव किंवा चौदरी लावण्याची पद्धत, आणि जावई चित्तूरचे, तिकडे त्याच समाजात नायडू लावतात. रामारावांच्या मुलींपैकी भुवनेश्वरी लग्नानंतर नारा झाल्या आणि पुरंदेश्वरी दग्गुबाटी. तीन पिढ्या, चार-पाच माणसं, मानाचे शब्द दोन आणि काहींना एकही नाही. घराणी मात्र लख्ख दिसतात. गुंटूर तर कृष्णा जिल्ह्याला लागूनच आहे, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचं चौदरी आणि नवऱ्याचं राव एकाच घरात असणं हे तिकडचं रोजचंच.

हे शब्द आले कुठून, हे समजलं की जातीचा गोंधळही सुटतो. म्हणून जरा मागे जाते.

बाराव्या ते चौदाव्या शतकात, काकतीय राजांच्या काळात, आजच्या तेलंगण-आंध्रात देवळांना दिलेल्या दानांचे शेकडो शिलालेख कोरले गेले. त्यांत नावांपुढे रेड्डी, नायक, राजू, सेट्टी, बोय असे शब्द येतात. अभ्यासकांनी ते बारकाईने तपासले तेव्हा दिसलं, की त्या काळी हे शब्द माणसाचं काम आणि दर्जा सांगत. गावचा प्रमुख शेतकरी तो रेड्डी, सैन्याची तुकडी बाळगणारा तो नायक, राजदरबारी कारभार बघणारा राजू, व्यापारी सेट्टी, गुरं राखणारा बोय. बापाचा मान एक आणि मुलाचा दुसरा, अशीही उदाहरणं त्यांत आहेत. मुलगा सैन्यात गेला की तो नायक. मला यातली ही मोकळीक फार महत्त्वाची वाटते. आज ज्या शब्दांवरून निवडणुकीत मतांची गणितं मांडली जातात, ते शब्द त्या काळी माणसाला स्वतःच्या कर्तबगारीने मिळवता येत होते.

‘रेड्डी’चा माग जुन्या लेखांतल्या ‘रट्टगुडी’पर्यंत लावतात, म्हणजे गावाचा मुख्य. काकतीयांचं राज्य १३२३ मध्ये पडल्यावर प्रोलय वेमा रेड्डीने अद्दंकीला आपलं राज्य उभं केलं, आणि गावच्या मुख्याचा शब्द राजघराण्याच्या नावाला लागला. ‘नायडू’ नायकाचा. आपला नाईक त्याच मुळाचा. आपल्याकडे नाईक हे आडनाव किती जातींत आणि जमातींत आहे ते आठवा. बंजारा तांड्याचा प्रमुखही नाईकच. ‘राव’ हा राजा, राय, राव अशा घसरणीतून आलेला. ‘सेट्टी’ म्हणजे श्रेष्ठी, आपला शेट. ‘चौदरी’ उत्तरेकडून आलेला, महसुलाच्या कामाशी जोडलेला शब्द. ब्राह्मणांत विद्येवरून मान मिळत: शास्त्री, अवधानी, घनपाठी, आणि ज्याने सोमयाग केला तो सोमयाजी. तेराव्या शतकात महाभारत तेलुगूत आणणारे तिक्कन हे कोत्तरुवु घराण्यातले, पण यज्ञ केल्यामुळे लोक त्यांना तिक्कन सोमयाजी म्हणू लागले. शिकवणाऱ्या, जाणत्या नियोगी ब्राह्मणाला पंतुलु म्हणत. कंदुकूरी वीरेशलिंगम पंतुलु यांनी विधवाविवाहाची चळवळ उभी केली, आणि त्यांच्या नावातला पंतुलु लोकांनी दिलेला मान आहे. वैश्यांमध्ये ‘गुप्त’ लावणारे भेटतात. ब्राह्मणाने शर्मा, क्षत्रियाने वर्मा, वैश्याने गुप्त लावावं, या पुराणातल्या सांगण्याचा तो परिणाम.

काही मान इंटिपेरूच्या पोटात जाऊन गोठले आहेत. अक्किनेनी, त्रिपुरनेनी यांतला ‘नेनी’ हा ‘नेडू’चा, म्हणजे नायकवाचक शब्दाचाच षष्ठीसारखा अवशेष आहे. कधीकाळी कुणी अक्की नेडू होता, त्याचं घर ते अक्किनेनी. पणजोबाच्या नावाच्या शेपटाला असलेला मान खापरपणतूच्या नावाच्या डोक्यावर गेला.

आता जातीबद्दल. हे जरा स्पष्ट लिहिते, कारण लग्न जुळवताना महाराष्ट्रातली मंडळी नावावरून अंदाज बांधतात आणि चुकतात. नरसिंह राव ब्राह्मण, तारक रामाराव कम्मा, तेलंगणचे माजी मुख्यमंत्री कल्वकुंट्ला चंद्रशेखर राव वेलमा. तिघेही राव. नायडू लावणारे कम्मांत आहेत, कापू आणि बलिजांत आहेत, उत्तर आंध्रातल्या वेलमांत आहेत. रेड्डी म्हटलं की जमीनदार डोळ्यांपुढे येतो, पण गोदावरीच्या डोंगरांत राहणारे कोंडा रेड्डी हे अनुसूचित जमातीत मोडतात. राजू म्हटलं की क्षत्रिय, असं गोदावरी जिल्ह्यांत बऱ्याच अंशी खरं. अल्लूरी सीताराम राजू त्यातलेच. पण विजयवाड्यात नास्तिक केंद्र चालवणारे गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे जन्माने ब्राह्मण, आणि ‘राजू’ त्यांच्या इंटिपेरूत होतं. तेव्हा मानाच्या शब्दावरून माणसाची जात ओळखायचा नाद सोडून द्यावा. तेलुगू माणूस स्वतःसुद्धा मानाच्या शब्दाबरोबर इंटिपेरु आणि गाव ऐकल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही.

मान सगळ्यांना मिळत नव्हता, हेही सांगायला हवं. आपल्याकडे पाटलाचा मुलगा गणपतराव आणि त्याच वयाचा सालगडी गणप्या, तसंच तिकडे होतं. तेलंगणात विसनूरच्या देशमुखाविरुद्ध, पालकुर्तीच्या आपल्या शेतासाठी उभी राहिलेली ऐलम्मा घ्या. तिचं इंटिपेरु चिट्याला. जग तिला चाकली ऐलम्मा म्हणून ओळखतं. चाकली म्हणजे परटीण. देशमुखाच्या नावामागे रेड्डी हा मान लागला, आणि हिच्या नावापुढे जातीचा धंदा. तिचं घराणं असूनही कुणी उच्चारलं नाही. आज तिच्या नावाचे पुतळे उभे राहतात आणि चाकली हा शब्द लोक अभिमानाने घेतात, पण मी कुठल्याही कागदावर तिचं नाव लिहिताना चिट्याला आधी लिहीन.

काहींनी हे शेपूट जाणून कापून टाकलं. कम्युनिस्ट नेते पुच्चलपल्ली सुंदरय्या हे जन्मनावाने सुंदररामी रेड्डी. त्यांनी रेड्डी सोडला. गोरांनी तर आपल्या पूर्ण नावाची दोन अक्षरं ठेवली, आणि मुलाचं नाव लवणम ठेवलं, कारण तो १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात जन्मला. ना राव, ना शास्त्री. हाच लवणम पुढे विनोबांच्या आंध्रातल्या पदयात्रेत त्यांचा दुभाष्या झाला. तुमच्या दिराच्या नावात राव नाही, यामागे असा विचार असेलच असं नाही. आजकाल अनेक घरांत नुसतं छोटं नाव ठेवण्याकडे कल आहे. पण विचार असूही शकतो. मोकळेपणी विचारा, लोक आनंदाने सांगतात.

शेपूट धरून माणूस ओळखता येत नाही, याचं सर्वांत बोलकं उदाहरण विनोबांच्याच गोष्टीत आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत ज्यांनी शंभर एकर जमीन देऊन भूदानाची सुरुवात केली, ते रामचंद्र रेड्डी. आणि त्याच जिल्ह्यात पाचेक वर्षं आधी ज्यांच्या जुलमाविरुद्ध शेतकऱ्यांनी हत्यारं उचलली, ते विसनूरचे देशमुखही रामचंद्र रेड्डी. नाव तेच, मान तोच, काळ जवळजवळ तोच. दान देणारे वेदिरे रामचंद्र रेड्डी, आणि देशमुख रापाक रामचंद्र रेड्डी. वेदिरे आणि रापाक हे दोन शब्द पुसले तर इतिहासातली दोन विरुद्ध टोकं एका माणसात मिसळतात. वारसाच्या कागदांवर नेमकं हेच घडतं. इंटिपेरु आद्याक्षरात कोंबलेलं असतं आणि एकाच गावात तीन ‘व्ही. रामचंद्र रेड्डी’ निघतात.

मग हे मानाचे शब्द आडनाव कसे झाले? इंग्रजी अमदानीत शाळा, कचेऱ्या आणि पुढे परदेशातले फॉर्म यांना शेवटचा शब्द आडनाव म्हणून हवा होता. तेलुगू माणूस सही करताना इंटिपेरूचं एक आद्याक्षर लिहायचा, आणि शेवटी उरायचा मान. सरोजिनी चट्टोपाध्याय या हैदराबादच्या बंगाली मुलीने १८९८ मध्ये मुत्याला गोविंदराजुलु नायडू यांच्याशी लग्न केलं. मुत्याला मागे पडलं आणि सगळं जग त्यांना सरोजिनी नायडू म्हणू लागलं. मुलगी पद्मजाही नायडूच. नागपुरात जन्मलेले, १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार झालेले सी. के. नायडू हे कोत्तारी कनकय्या नायडू. ‘सी.’ म्हणजे कोत्तारी, कारण इंग्रजीत ते ‘Cottari’ असं लिहीत. नागपूरकरांनी त्यांच्या नावाने रस्ते ओळखले, पण कोत्तारी घराणं किती जणांना ठाऊक आहे?

विज्ञानात तर मानाच्या शब्दाने अमरत्व मिळवलं. १९४५ मध्ये सी. आर. राव यांनी एक निष्कर्ष मांडला, आणि तो आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत क्रामेर-राव या नावाने शिकवला जातो. त्यांचं इंटिपेरु कल्यामपुडी. म्हणजे ज्या शब्दाला जगाने घराण्याचं नाव समजून प्रमेयाला जोडलं, तो ‘अहो’सारखाच एक आदर आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांचं स्वतःचं नावच आडनाव झालं, आणि रक्तातलं फॉस्फरस मोजण्याची १९२५ ची पद्धत फिस्के-सुब्बाराव म्हणून रूढ झाली. येल्लाप्रगडा हे घराणं त्यात कुठेच नाही. उलट सत्या नडेला यांनी घराणं शेवटी नेलं. नडेला हे त्यांचं इंटिपेरु. परदेशात राहणाऱ्यांसाठी मला हीच वाट सर्वांत सरळ वाटते.

महाराष्ट्रात आलेल्या तेलुगू माणसांनीही हेच केलं, आणि कुणी सांगायच्या आधी केलं. आमच्या सोलापुरात पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पूर्व भागात गेलात तर दुकानांच्या पाट्यांवर बोल्ली, येमूल, आडम, कुचन अशी नावं दिसतील. ही सगळी इंटिपेरु, मराठी रीतीने शेवटी नेलेली. आमदार राहिलेल्या नरसय्या आडम यांचं पूर्ण नाव नरसय्या नारायण आडम: स्वतःचं, वडिलांचं, घराण्याचं. साचा पूर्ण मराठी, शब्द तेलुगू. लोक त्यांना आडम मास्तर म्हणतात, म्हणजे मान लावायची सवय आपणही सोडली नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ‘वार’ आडनावांकडेही एकदा नीट बघा. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या पट्ट्यात कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी आडनावं आहेत. तेलुगूत एखाद्या घराण्याबद्दल आदराने बोलताना ‘वारू’ लावतात: पामुलपर्तीवारू, म्हणजे पामुलपर्ती घराण्याची मंडळी. सीमेच्या अलीकडे आल्यावर हाच ‘वारू’ ‘वार’ होऊन आडनावाला कायमचा चिकटला. १९६२ मध्ये महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवार यांच्या नावात तर दोन मान आहेत: मराठी राव आणि तेलुगू वारू. महात्मा फुल्यांना मुंबईत साथ देणाऱ्या सत्यशोधकांमध्ये रामय्या व्यंकय्या अय्यावारू होते, त्यांच्याही नावाच्या शेवटी हाच वारू. तुमच्या आईंना सांगा, की ज्या रीतीची त्यांना शंका आली, तिच्या खुणा महाराष्ट्राच्या मतदारयाद्यांत जागोजागी आहेत.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते.

तेलुगू रीतीत लग्नानंतर बाईचं इंटिपेरु बदलतं, मानाचा शब्द तिला लागत नाही. जुन्या पिढीतल्या रेड्डींच्या घरातल्या बाईचं नाव ‘-अम्मा’ किंवा ‘-देवी’वर संपे. मुलींच्या आणि सुनांच्या नावाला रेड्डी, राव, चौदरी जोडणं हे अलीकडचं, फॉर्मच्या रकान्यांमुळे वाढलेलं. म्हणून ‘मी सौ. अमुक राव होईन का’ याचं माझं उत्तर असं: कायद्याने तुम्हाला काहीच व्हायचं बंधन नाही. भारतात लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही, आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट, पॅन, पदवी सगळं चालू राहतं. बदलायचंच असेल तर राव लावू नका, इंटिपेरु लावा. राव लावून तुम्ही त्या घराच्या होत नाही, कारण राव हे त्या घराचं नावच नाही. शिवाय उद्या दिराच्या आणि तुमच्या कागदांवर एकही शब्द जुळणार नाही.

याबाबतीत मला दुर्गाबाईंची आठवण होते. राजमहेंद्रीच्या, संविधान सभेत बसलेल्या या बाई तिथल्या नोंदींत जी. दुर्गाबाई म्हणून आहेत. जी. म्हणजे गुम्मिडिताला. १९५३ मध्ये त्यांनी आपल्या चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं आणि दुर्गाबाई देशमुख झाल्या. मराठी घरात देशमुख हे घराण्याचंच नाव, त्यामुळे त्या बदलाला अर्थ होता. तुमचा प्रवास नेमका उलट दिशेचा आहे, मराठी घरातून तेलुगू घरात, म्हणून घराण्याचं नाव पुढे कुठे आहे ते बघून घ्या.

नवऱ्याच्या पासपोर्टचं काय करायचं? त्यावर आडनाव ‘राव’ छापलं आहे आणि व्हिसा, नोकरी सगळं त्यावर असेल, तर केवळ शुद्धतेसाठी बदलू नका. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे त्याच्याशी पासपोर्ट जुळतो का, एवढं बघा. प्रमाणपत्रावर इंटिपेरूचं नुसतं आद्याक्षर असेल आणि पासपोर्टवर ते पूर्ण असेल, तर ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पॅनच्या अर्जात आद्याक्षरं चालत नाहीत, सगळं पूर्ण लिहावं लागतं, आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. आडनावाचा रकाना कोरा ठेवायचा मोह मात्र टाळा. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं स्वतःचं नाव आडनावाच्या जागी छापतात आणि नावाच्या जागी ‘एफ.एन.यू.’ टाकतात, म्हणजे नाव अज्ञात. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये एकच शब्द असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा द्यायचं बंद केलं. तेलुगू आणि तमिळ कुटुंबांना याचा फार त्रास झाला.

लग्नपत्रिकेत गोंधळ नको असेल तर दोन्ही भाषांत नवरदेवाचं इंटिपेरु पूर्ण छापा. तेलुगू पत्रिकेत वधूच्या नावाआधी ‘चि. ल. सौ.’ येईल. ती छपाईची चूक नाही, आपल्या ‘चि. सौ. कां.’सारखीच रीत आहे, त्यातला ‘ल.’ लक्ष्मीचा. सासऱ्यांचं नाव त्यांना विचारून लिहा. ते स्वतः चौदरी लावत असतील तर लावाच. मान ज्याचा, त्याने ठरवायचा.

घरात बोलताना राव-चौदरी तोंडात घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही. तिथे नात्याला ‘गारू’ लावतात: सासऱ्यांना मामय्यगारू, सासूबाईंना अत्तय्यगारू, नवऱ्याच्या थोरल्या भावाला बावगारू. वाक्याच्या शेवटी ‘अंडी’ आलं की आपलं ‘हो’ किंवा ‘अहो’ समजा. बाहेरच्या वडीलधाऱ्या माणसाला नावाने हाक मारायची तर नावाला गारू जोडा, रामारावगारू, सुब्बय्यगारू. नुसतं ‘मिस्टर राव’ ऑफिसात चालतं, घरी परकं वाटतं.

आणि मुलं होतील तेव्हा नाव दवाखान्यातून नगरपालिकेकडे जाण्याआधी दोघांनी बसून ठरवा. मराठी रीतीने बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आणि शेवटी पूर्ण इंटिपेरु असं लिहिलंत, तर ते गुंटूरमध्येही कळेल आणि पुण्यातही. राव ठेवायचाच असेल तर बाळाच्या नावाला जोडून एकाच शब्दात लिहा, सुटा नको. इंटिपेरूचं इंग्रजी स्पेलिंग सासऱ्यांच्या जुन्या कागदांवर जसं आहे तसंच घ्या. तेलुगूत एकच अक्षर असताना इंग्रजीत कुणी ‘टी’ लिहितं, कुणी ‘टीएच’, आणि वीस वर्षांनी ते मूल परदेशी शिकायला निघालं की त्याच एका अक्षरासाठी कुणीतरी माझ्यासारखीकडे प्रतिज्ञापत्र घेऊन येतं.